खाणीत न सापडणारं मूलद्रव्य आणि काकूंचे तीन आठवडे

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपत आली होती तेव्हा, काकूंना हाडांच्या स्कॅनसाठी नागपूरला नेलं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि आजार हाडांपर्यंत पोचला आहे का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. सकाळी हाताच्या शिरेत एक सुई दिली, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि तीन तासांनी यंत्राखाली झोपवलं. निघताना तिथल्या माणसानं एवढंच सांगितलं, "आज लहान लेकरू जवळ घेऊ नका. गरोदर बाईजवळ बसू नका." का, ते सांगायला त्याला सवड नव्हती. बाहेर रांग लागली होती.

काकूंचा नातू दीड वर्षाचा आहे. त्याला त्यांनी पुढचे तीन आठवडे हात लावला नाही. "किरणाची सुई दिली म्हनते, आंगातून निघत नाही ते," असं शेजारच्या बायांनी सांगितलं होतं. काकू ओसरीत वेगळ्या झोपत होत्या. ताट वेगळं, गडवा वेगळा. पोरगं दाराशी येऊन रडायचं आणि काकू पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात जायच्या.

मी तुमसर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. त्या दिवशी ओसरीत बसून काकूंना जे सांगितलं, तेच इथे थोडं विस्तारानं लिहितो आहे. काकूंच्या शिरेत जे सोडलं होतं त्याचं नाव टेक्निशियम. माणसानं प्रयोगशाळेत तयार केलेलं हे पहिलं मूलद्रव्य, पृथ्वीवरच्या कुठल्याच खाणीतून ते काढता येत नाही. हे ऐकल्यावर काकू आणखी घाबरल्या. "म्हंजे नकली हाय का, बापू?" त्यामुळे मुळापासून सांगावं लागलं.

गट नंबर

लोखंड, सोनं, तांबं, गंधक, प्राणवायू ही मूलद्रव्यं. सोन्याचा कितीही बारीक चुरा करा, सोनंच राहतं. त्याचा सगळ्यात लहान कण म्हणजे अणू. अणूच्या मधोमध एक अतिशय लहान, अतिशय जड गाठ असते, तिला केंद्रक म्हणतात. केंद्रकात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन.

प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्य कोणतं ते ठरतं. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं आहे हे. नंबर बदलला की शेत दुसरं. २५ प्रोटॉन असले की मँगनीज, २६ झाले की लोखंड. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त असू शकतात. त्यानं अणूचं वजन बदलतं, नंबर बदलत नाही. म्हणून एकाच मूलद्रव्याचे हलके-जड असे अनेक भाऊ असतात. शास्त्रात त्यांना समस्थानिक म्हणतात, आपण भाऊच म्हणू.

आज माणसाला ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. ९२ नंबरचं युरेनियम हे खाणीतून टनांनी निघणारं शेवटचं. त्यापुढची सगळी माणसानं आधी बनवली, आणि नंतर त्यातल्या एकदोघांचा निसर्गात नावापुरता अंश सापडला. पण ९२ च्या आतसुद्धा काही जागा जवळजवळ रिकाम्या आहेत: ४३, ६१, ८५ आणि ८७. काकूंच्या सुईतलं टेक्निशियम ४३ नंबरचं.

मँगनीजच्या खालचं रिकामं घर

आमच्या तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत, डोंगरी बुजुर्गची आणि चिखल्याची. डोंगरी बुजुर्गचं खनिज टॉर्चच्या सेलमध्ये जातं. वर्गातल्या काही मुलांचे वडील खाणीत कामाला आहेत, त्यामुळे आवर्तसारणी शिकवताना २५ नंबर आला की मुलं सावरून बसतात. त्या तक्त्यात सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक येतात, आणि मँगनीजच्या अगदी खालचं घर ४३ चं आहे. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मग आपल्या खाणीत खोल खणलं तर टेक्निशियम निघन का?"

हाच प्रश्न घेऊन जगभरातले रसायनशास्त्रज्ञ साठ-सत्तर वर्षं दगड फोडत होते. रशियाच्या मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये हा तक्ता मांडला. त्यानं १८७१ मध्ये हे घर रिकामं ठेवून सांगितलं की इथे एक मूलद्रव्य असलंच पाहिजे, आणि त्याला तात्पुरतं नाव दिलं 'एका-मँगनीज'. यातला 'एका' म्हणजे आपला संस्कृतातला 'एक'. मँगनीजच्या खालचं पहिलं घर, असा अर्थ. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुलांइतकंच मलाही बरं वाटतं.

मेंडेलीव्हनं रिकामी ठेवलेली इतर काही घरं भराभर भरली. गॅलियम मिळालं, जर्मेनियम मिळालं. ४३ मात्र मिळेना. १९२५ मध्ये जर्मनीत काहींनी ते सापडल्याचं जाहीर करून त्याला मसुरियम असं नावही दिलं, पण इतरांना ते पुन्हा दाखवता आलं नाही आणि दावा मागे पडला. मँगनीजच्या खनिजात नाही, दुसऱ्या कशात नाही.

पलेर्मोला आलेलं पाकीट

उत्तर खाणीतून आलं नाही. अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्सनं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र उभं केलं होतं. त्यात अणूंचे बारीक तुकडे गोल गोल फिरवून प्रचंड वेगानं एखाद्या पदार्थावर आदळवतात. त्या यंत्राचा मॉलिब्डेनम धातूचा एक पत्रा असा मार बराच काळ खात होता. मॉलिब्डेनमचा नंबर ४२. लॉरेन्सनं तो जुना पत्रा इटलीत, सिसिली बेटावरच्या पलेर्मो शहरात एमिलियो सेग्रेला पाठवून दिला. सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी १९३७ मध्ये तो तपासला, तेव्हा त्यात ४३ नंबरचे अणू सापडले. मॉलिब्डेनमच्या काही केंद्रकांत एक प्रोटॉन जास्तीचा घुसला होता.

पुढे त्याला नाव मिळालं टेक्निशियम. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'कृत्रिम'. हे नाव पूर्ण खरं नाही, का ते पुढे येईल.

केंद्रक फुटतं कशानं

प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. मग केंद्रकात इतके प्रोटॉन एकत्र राहतात कसे? त्यांना धरून ठेवणारं दुसरं एक बल आहे. ते फार जोरदार आहे, पण त्याचा हात आखूड आहे.

जत्रेत एकमेकांचे हात धरून दाटीनं उभी असलेली माणसं डोळ्यांपुढे आणा. हात फक्त शेजारच्याचाच धरता येतो. पण या घोळक्यात प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला ढकलतो आहे, अगदी पलीकडच्या टोकाच्या माणसालासुद्धा. घोळका लहान असेल तर धरलेले हात पुरतात. वाढत गेला की ढकलणं फार होतं आणि हात अपुरे पडतात. न्यूट्रॉन हे या घोळक्यातले न ढकलणारे लोक. ते हात धरतात, धक्का देत नाहीत. म्हणून मोठ्या केंद्रकात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन जास्त लागतात. पण त्यालाही मर्यादा आहे, कारण न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर झाले की त्यातलाच एखादा प्रोटॉन होऊन बसतो. ८२ नंबरच्या शिशापलीकडे कायम टिकणारं एकही मूलद्रव्य नाही. पुढची सगळी कधी ना कधी फुटणारी, आणि फुटताना किरणं सोडणारी. किरणोत्सार म्हणतात तो हाच.

पण ४३ तर ८२ च्या कितीतरी अलीकडे आहे. तिथे घोळका मोठा नाही. मग टेक्निशियम का टिकत नाही?

यासाठी आठवडी बाजारात जाऊ. समजा अणूच्या प्रत्येक वजनासाठी, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून जितके कण त्या आकड्यासाठी, बाजारात एक ओटा आहे आणि निसर्गाचा नियम असा, की शेजारशेजारच्या नंबरांच्या दोन मूलद्रव्यांना एकाच वजनाच्या ओट्यावर कायमचं बसता येत नाही. दोघांपैकी ज्याचं केंद्रक जास्त घट्ट, तो राहतो. दुसरा फुटून त्याच्यासारखा होतो. टेक्निशियमच्या अलीकडे ४२ नंबरचं मॉलिब्डेनम आहे आणि पलीकडे ४४ नंबरचं रुथेनियम. टेक्निशियमला सोयीचे होते ९४ पासून १०२ पर्यंतच्या वजनांचे ओटे, आणि ते सगळेच्या सगळे या दोघांनी आधीच धरलेले आहेत. टेक्निशियम कुठेही बसलं तरी त्याला उठावंच लागतं. ६१ नंबरच्या प्रोमेथियमचीही हीच गत आहे.

आवक नसलेला तलाव

फुटणारं म्हणजे लगेच संपणारं, असं नाही. कोणता अणू कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. कढईत लाह्या फोडताना पुढचा दाणा कोणता उडेल ते सांगता येतं का? पण साधारण किती वेळात अर्धे दाणे फुटतात ते रोज लाह्या करणारीला नेमकं माहीत असतं. अणूंचंही तसंच. निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यातले निम्मे जातात, मग त्यातले निम्मे.

हे अर्धं-अर्धं होणं वाटतं त्यापेक्षा फार झपाट्याचं असतं. एक क्विंटल धानात चाळीस-पन्नास लाख दाणे असतील. त्यातले निम्मे काढा, उरलेल्यातले निम्मे काढा, असं करत राहा. बाविसाव्या खेपेला हातात एकच दाणा उरतो.

टेक्निशियमच्या सगळ्यात टिकाऊ भावाचं अर्धायुष्य ४२ लाख वर्षं. ऐकायला केवढं मोठं वाटतं. पण पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी वर्षं, म्हणजे तेवढ्यात हजाराहून जास्त वेळा निम्मं व्हायचं. मी मुलांना फळ्यावर हिशेब करून दाखवतो: समजा सुरुवातीला सगळी पृथ्वी, डोंगर, पाणी, पोटातलं लोखंड, सगळं टेक्निशियमचंच होतं. तरी १६५ वेळा निम्मं झालं की एकच अणू उरतो. त्याला लागतात सत्तर कोटी वर्षं. त्यानंतरची पावणेचारशे-चारशे कोटी वर्षं पृथ्वी टेक्निशियमवाचूनच फिरते आहे.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. दरवर्षी पावसाचं पाणी येतं, पाळीतून थोडं झिरपतं, थोडं पाटानं शेतात जातं. आवक आहे म्हणून तलाव राहतो. आता असा तलाव समजा जो एकदाच भरला आणि पुन्हा कधी पाऊसच पडला नाही. गळती मात्र चालूच. मूलद्रव्यांच्या बाबतीत पृथ्वी हा असा तलाव आहे. जड मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये आणि ताऱ्यांच्या टकरींत घडतात. आपला सूर्य आणि पृथ्वी ज्या धूळ-वायूपासून बनली, त्यात ती होती. पृथ्वी बनली, आणि पाऊस थांबला. ज्यांची गळती फार हळू ती आजही शिल्लक आहेत. बाकीची आटली.

"मग युरेनियम कसं उरलं?"

कारण त्याची गळती कमालीची हळू आहे. युरेनियमच्या मुख्य भावाचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, जवळपास पृथ्वीच्या वयाइतकंच. म्हणजे सुरुवातीला होतं त्यातलं निम्मं अजून जमिनीत आहे. थोरियमचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं, त्याची तर एक पंचमांशच घट झाली. अणुभट्टीत ज्याला मागणी असते तो युरेनियमचा हलका भाऊ सत्तर कोटी वर्षांत निम्मा होतो, म्हणून आज तो शेकड्याला पाऊणही भरत नाही.

आटलेल्या तलावाच्या तळाशी एखादा झिरा असतो ना, तसा टेक्निशियमचाही एक झिरा आहे. युरेनियमचं एखादं केंद्रक अधूनमधून आपोआप दोन तुकड्यांत फुटतं आणि त्या तुकड्यांत कधी टेक्निशियम असतं. पण किती? एक किलो युरेनियममागे ग्रॅमचा अब्जावा हिस्सा. ८५ नंबरचं अ‍ॅस्टॅटिन याहून दुर्मिळ. त्याचा सगळ्यात टिकाऊ भाऊ आठ तासांत निम्मा होतो. पृथ्वीच्या सगळ्या कवचात कोणत्याही क्षणी हे मूलद्रव्य मूठभरही नसेल.

"निसर्गात नाही, म्हणजे नकलीच की"

काकूंचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गावात 'कृत्रिम' म्हटलं की भेसळीचं दूध आणि बोगस बियाणं आठवतं.

१९५२ मध्ये पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञानं काही म्हाताऱ्या, फुगलेल्या लाल ताऱ्यांचा प्रकाश तपासला. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपली खूण सोडतं. मेरिलला तिथे टेक्निशियमची खूण दिसली. तारे कोट्यवधी वर्षांचे आणि टेक्निशियम काही लाख वर्षांत निम्मं होणारं. याचा एकच अर्थ निघत होता: ते तिथे आत्ता बनतं आहे. तारे मूलद्रव्यं घडवतात याचा तो पहिला थेट पुरावा ठरला. ज्याला आपण 'कृत्रिम' असं नाव ठेवलं, ते आकाशात ताज्या भाकरीसारखं रोज थापलं जातं.

बनवलेलं टेक्निशियम आणि ताऱ्यातलं टेक्निशियम यांत तिळाचाही फरक नाही. गट नंबर तोच. तो अणू ताऱ्यात घडला की यंत्रात, हे त्या अणूकडे पाहून कुणीच सांगू शकणार नाही.

आणि उलट बाजूही बघा. कपाशीला, संत्र्याला आपण जे पोटॅश टाकतो, त्यात किरणं सोडणारा पोटॅशियमचा भाऊ असतोच. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एखादा. त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं, म्हणून तो आटला नाही. तो पिकात येतो, पिकातून आपल्यात. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला या पोटॅशियमचे चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात, जन्मापासून मरेपर्यंत. तो शुद्ध नैसर्गिक किरणोत्सार आहे. निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी आणि बनवलेलं म्हणजे घातक, ही वाटणी इथे लागू होत नाही. काय आहे, किती आहे, किती काळ आहे, हे विचारायला हवं.

प्लुटोनियमचं उदाहरण त्यासाठीच देतो. ९४ नंबरचं हे मूलद्रव्य ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९४०-४१ च्या हिवाळ्यात बर्कलीला बनवलं आणि चार-साडेचार वर्षांत, ९ ऑगस्ट १९४५ ला, ते नागासाकीवर पडलं. आपल्याकडे १९७४ च्या पोखरणच्या स्फोटातलं प्लुटोनियम मुंबईच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुभट्टीत तयार झालेलं होतं. त्याच्याच पुढच्या घरातलं ९५ नंबरचं अमेरिसियम मात्र एका प्रकारच्या धूरसूचक यंत्रात कणभर बसवतात, आणि आग लागली की ते माणसांना जागं करतं. बनवलेलं दोन्ही.

नागपुरातली दुभती गाय

आता पुन्हा दवाखान्यात येऊ. काकूंना दिलेला टेक्निशियमचा भाऊ ९९ वजनाचा, पण उत्तेजित अवस्थेतला. ताणून धरलेल्या गुलेरीसारखा. सहा तासांत त्यातले निम्मे अणू ताण सोडतात आणि सोडताना एक किरण बाहेर टाकतात. तो किरण शरीरातून आरपार येतो, बाहेरचा कॅमेरा तो टिपतो. टेक्निशियम एका फॉस्फेटसारख्या संयुगाला बांधून देतात. हाडाला फॉस्फेटची भूक असते. जिथे हाड झिजून नव्यानं भरतं आहे, तिथे ते जास्त ओढलं जातं, आणि फोटोत तेवढी जागा गडद दिसते.

अडचण एवढीच, की सहा तासांत निम्मी होणारी वस्तू मुंबईहून नागपूरला आणायची कशी? साठवायची कशी? इथे जी युक्ती आहे ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

टेक्निशियम पाठवतच नाहीत. त्याची आई पाठवतात. अणुभट्टीत ९९ वजनाचं मॉलिब्डेनम तयार होतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तास, पावणेतीन दिवस. ते शिशाच्या जाड भांड्यातल्या एका नळीत चिकटवून दवाखान्यात येतं. मॉलिब्डेनमचे अणू फुटतात आणि त्यांचंच टेक्निशियम होतं. सकाळी नळीतून मिठाचं निर्जंतुक पाणी सोडलं की मॉलिब्डेनम चिकटलेलं राहतं आणि तयार झालेलं टेक्निशियम पाण्याबरोबर खाली येतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळी पुन्हा भरलेली. या यंत्राला तिथे काम करणारी माणसं 'गाय' म्हणतात आणि टेक्निशियम काढण्याला 'दूध काढणं'. आठवडाभर दूध मिळतं, मग गाय आटते, नवी मागवावी लागते.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. दोन म्हशी आहेत त्यांच्याकडे.

ही गाय अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९५८ च्या सुमारास तयार झाली. आज जगभरात वर्षाला तीन-चार कोटी तपासण्या टेक्निशियमवर होतात. पण तलावाचा नियम इथेही सुटत नाही: साठा करून ठेवता येत नाही. २००९-१० मध्ये कॅनडाची आणि नेदरलँड्सची मोठी अणुभट्टी बिघाडामुळे बंद पडली, तेव्हा अनेक देशांतल्या रुग्णांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

क्षणभर टिकणाऱ्या अणूवर एवढा खर्च कशाला?

हा आक्षेप शिक्षकांच्या खोलीतही निघतो. तो रास्त आहे, कारण वरच्या नंबरांचं काम फारच अवघड आहे. जपानी शास्त्रज्ञांनी ११३ नंबरसाठी बिस्मथवर जस्ताचे अणू आदळवले. नऊ वर्षांत तीन अणू मिळाले: २००४, २००५ आणि २०१२ मध्ये एकेक. रशियात दुबनाला ११७ नंबर बनवताना लक्ष्य म्हणून २२ मिलिग्रॅम बर्केलियम लागलं, तेही अमेरिकेत अणुभट्टीत बनवलेलं आणि वर्षभरात निम्म्याहून जास्त आटणारं, म्हणून घाईघाईनं विमानानं पाठवलेलं. ११८ नंबरचं ओगानेसॉन एका सेकंदाच्या हजाराव्या हिस्स्याच्या आत संपतं. जुलै २०२४ मध्ये बर्कलीनं टायटॅनियमचे अणू आदळवून ११६ नंबर बनवण्याची नवी रीत जाहीर केली, २२ दिवसांत दोन अणू. त्याच वाटेनं १२० पर्यंत जायचा त्यांचा विचार आहे.

यांतून उद्या काय निघेल ते मी सांगणार नाही. पण सेग्रेनं पलेर्मोला तो पत्रा उघडला तेव्हा टेक्निशियमचा कुणालाच काही उपयोग नव्हता. काकूंचा निघाला तसा हाडांचा फोटो त्या पत्र्यातून निघायला तीस-पस्तीस वर्षं गेली.

काकूंच्या अंगात किती उरलं होतं

हा हिशेब मी काकूंच्या समोर, त्यांच्या सुनेच्या वहीच्या मागच्या पानावर केला.

सुईतलं टेक्निशियम सहा तासांत निम्मं. बारा तासांत चौथा हिस्सा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा. दोन दिवसांनी अडीचशेवा. शिवाय बरंचसं पहिल्याच दिवशी लघवीवाटे निघून गेलेलं, त्यासाठीच तर पाणी पाजतात. सुईत अणू होते वीस लाख कोटींच्या आसपास, म्हणजे दोनावर तेरा शून्यं. तेही साधारण ४५ वेळा निम्मे झाले की शेवटचा अणू जातो. ४५ वेळा सहा तास म्हणजे अकरा-बारा दिवस. पृथ्वीच्या पोटातून टेक्निशियम ज्या हिशेबानं नाहीसं झालं, त्याच हिशेबानं ते काकूंच्या अंगातूनही गेलं. तिथे लागली सत्तर कोटी वर्षं, इथे पुरते दोन आठवडेही नाहीत. दुसऱ्या दिवशीच नातवाला घ्यायला हरकत नव्हती. तीन आठवड्यांनी तर घाबरण्यासारखं काहीही शिल्लक नव्हतं.

एक शंका हुशार वाचकाला येईलच. गुलेर सुटल्यावर दगड उरतो, तसं ताण सोडलेलं साधं ९९ वजनाचं टेक्निशियम उरतं आणि त्याचं अर्धायुष्य आहे दोन लाख अकरा हजार वर्षं. म्हणजे ते अंगात लाखो वर्षं किरणं सोडत राहणार?

इथे बहुतेकांची समजूत उलटी होते. अर्धायुष्य जितकं लांब, तितकी गळती हळू, तितकी किरणं कमी. सुईतले सगळेच्या सगळे अणू शरीरात राहिले असं धरलं (राहत नाहीत), तरी त्यांतले सेकंदाला दोन-तीन अणू फुटतील. पोटॅशियमचे चार हजार आठवा. सबंध तपासणीत शरीराला जेवढा किरणोत्सार मिळतो, तेवढा आपल्याला जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून दोनेक वर्षांत असाच मिळत असतो. तो शून्य नाही, म्हणून गरज नसताना ही तपासणी करत नाहीत. कर्करोग हाडांत गेला आहे का, हे कळणं ही मोठी गरज आहे.

स्कॅनला जायचं असेल तर

गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर सुईच्या आधी सांगा. बाळ अंगावर पीत असेल तरी सांगा, किती वेळ पाजायचं नाही ते डॉक्टर सांगतील. पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका, संडासात जास्त पाणी टाका, हात धुवा. लहान लेकरू त्या दिवसापुरतं मांडीवर घेऊ नका. ताट वेगळं करायची गरज नाही.

थायरॉइडसाठी देतात ते किरणोत्सारी आयोडीन मात्र वेगळं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं असतं आणि उपचारात ते बऱ्याच जास्त प्रमाणात देतात, म्हणून तिथे काही दिवस वेगळं राहायला सांगितलं तर ते पाळायचं. यंत्रानं बाहेरून शेक देतात त्यात तर अंगात काहीच सोडलेलं नसतं, त्या माणसाजवळ त्याच दिवशी बसलं तरी चालतं. दवाखान्यात तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका: काय दिलं, त्याचं अर्धायुष्य किती, घरी काय पाळायचं आणि किती दिवस.

काकूंची पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे. नातवाला त्या एका दिवसासाठी त्याच्या आजोळी ठेवायचं ठरलं आहे.